पहिल्यांदा उपासना चालवताना: मध्य मुंबईतील एका मराठी मंडळीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मध्य मुंबईतील एका जुन्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीतील (स्थानिक चर्चमधील) आहे. मंडळीची किंवा व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. उपासनेची तयारी कशी झाली, कोणत्या टप्प्यावर कोणता निर्णय घेतला गेला आणि त्याचे काय झाले, एवढ्यावरच येथे भर आहे.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ पासून त्यांचे काम अहमदनगरला रुजले. पुढे गिरण्या, रेल्वे, इस्पितळे आणि महापालिकेतील नोकऱ्यांच्या निमित्ताने नगर, जालना, सोलापूर या भागांतील ख्रिस्ती कुटुंबे मुंबईत येत राहिली आणि येथील मराठी मंडळ्या त्यांच्यामुळे भरल्या. आज यातील बरीच कुटुंबे डोंबिवली, कल्याण, वसई आणि नवी मुंबईला राहतात, पण रविवारच्या उपासनेसाठी मात्र आजी-आजोबांच्या जुन्या मंडळीतच येतात. त्यामुळे साडेनऊची उपासना कधी सुरू होते यापेक्षा ती कधी संपते याला येथे फार महत्त्व आहे. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असला की अकराच्या सुमारास गाड्यांचे वेळापत्रक बदलते आणि वयस्क माणसांना घरी पोहोचायला दुपार होते.

दुसरी गोष्ट उपासनेच्या पद्धतीची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत अँग्लिकन परंपरा होती, तशीच प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेतून आलेली संयुक्त मंडळीही होती. पहिल्या परंपरेत छापील क्रम आणि ठरलेल्या प्रार्थना यांना मान आहे, तर दुसरीत मोकळेपणाने, त्या क्षणी सुचेल तशी केलेली प्रार्थना अधिक जिवंत मानली जाते. या मंडळीत दोन्ही घरांतून आलेली माणसे एकाच बाकावर बसतात. उपासना कोणी नवीन व्यक्ती चालवणार म्हटले की हा फरक लगेच वर येतो, कारण पाळकसाहेबांची पद्धत लोकांच्या अंगवळणी पडलेली असते आणि नव्या माणसाची प्रत्येक गोष्ट निवडीसारखी दिसते.

मंडळीतील ज्या एका भगिनींवर उपासना चालवण्याची ही जबाबदारी आली त्या एका इस्पितळात स्टाफ नर्स आहेत. वय चाळिशीच्या आतले. संडे स्कूलमध्ये त्यांनी अनेक वर्षे शिकवले होते, महिला मंडळाच्या सभेत प्रार्थना केली होती, शास्त्रपाठ वाचले होते. परंतु संपूर्ण रविवारची उपासना सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांनी कधी चालवली नव्हती. जूनच्या अखेरच्या रविवारी पाळकसाहेबांना त्यांच्याकडे सोपवलेल्या दुसऱ्या मंडळीत प्रभुभोजनाच्या (कम्युनियनच्या) विधीसाठी जायचे होते. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीने तीन आठवडे आधी या भगिनींचे नाव सुचवले. पाळकसाहेबांनी त्यांना फोन करून एवढेच सांगितले, "प्रभुभोजन नाही, साधी उपासना आहे. संदेशाचं आपण मिळून पाहू. नाही म्हणू नका."

अडचण नेमकी कोणती होती

पहिल्या आठवड्यात त्या भगिनींनी जी तयारी केली ती जवळपास सगळी संदेशाची, म्हणजे प्रवचनाची, होती. त्या रविवारसाठी बायबलमधून नेमलेले पाठ होते ईयोब ३८:१–११, स्तोत्र १०७:२३–३२ आणि मार्क ४:३५–४१. तिन्ही पाठांत समुद्र आहे, वादळ आहे. मुंबईत जूनच्या अखेरीस हे पाठ वाचले जाणार म्हटल्यावर सांगण्यासारखे पुष्कळ सुचते आणि त्यांनाही सुचले. वहीची अनेक पाने भरली. मात्र उपासनेचे आवाहन कोणत्या शब्दांत करायचे, पापांगीकाराकडे, म्हणजे पापांच्या कबुलीकडे, मंडळीला कसे न्यायचे, मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठीच्या, प्रार्थनेत कोणासाठी मागायचे, दानार्पणानंतर काय म्हणायचे, याबद्दल वहीत एकही ओळ नव्हती. "ते पुस्तकात आहेच," असे त्यांचे म्हणणे होते.

माझ्या मते पहिल्यांदा उपासना चालवणाऱ्या बहुतेकांची अडचण येथेच असते. उपासना म्हणजे संदेश आणि त्याच्या मागेपुढे काही गीते, अशी समजूत नकळत झालेली असते, कारण घरी परतताना चर्चा संदेशाचीच होते. वस्तुतः संदेश ऐकताना मंडळी श्रोता असते, पण उरलेला सगळा वेळ ती स्वतः बोलत असते: गाते, कबुली देते, विश्वास जाहीर करते, मागते, आमेन म्हणते. उपासना चालवणाऱ्याचे मुख्य काम मंडळीच्या या बोलण्याला वाट करून देण्याचे आहे. दीडशे माणसांच्या तोंडी कोणते शब्द जाणार आणि त्यांच्या वतीने देवापुढे काय मांडले जाणार, हे ठरवणारी व्यक्ती त्या दिवशी तीच असते. ही जबाबदारी संदेशापेक्षा लहान नाही आणि ती ऐन वेळी पुस्तकाचे पान उघडून पार पडत नाही.

याला काही व्यावहारिक अडचणींची जोड होती. त्या आठवड्यांत त्यांची रात्रपाळी होती. पेटी आणि ऑर्गन वाजवणारे बंधू फक्त रविवारी भेटत. छापील क्रमात पाळकांनीच म्हणायच्या काही गोष्टी होत्या आणि त्या जागी पाळकपदाची दीक्षा न झालेल्या व्यक्तीने काय म्हणायचे हे कोठेही लिहिलेले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला पाळकसाहेब, मंडळीचे सेक्रेटरी, एक निवृत्त शिक्षिका ज्यांना सगळी मंडळी मावशी म्हणते, आणि या भगिनी असे चौघे बसले. चार वाटा समोर आल्या.

पहिली वाट अशी की पाळकसाहेबांनी लिहून दिलेला संदेश भगिनींनी वाचून दाखवावा. ही सुरक्षित वाट होती आणि सेक्रेटरींना तीच पसंत होती. परंतु दुसऱ्याचे लिखाण मोठ्याने वाचताना आवाजात जो परकेपणा येतो तो लोकांना पहिल्या दोन मिनिटांत जाणवतो. शिवाय पाळकसाहेबांचा संदेश पंचवीस मिनिटांचा असतो, आणि वाचून दाखवलेली पंचवीस मिनिटे फार लांब वाटतात.

दुसरी वाट म्हणजे संदेशासाठी बाहेरून पाहुणे बोलावणे आणि भगिनींनी फक्त क्रम चालवणे. ही वाट नीट विचारात घेतली गेली. पण एवढ्या कमी वेळात पाहुण्यांना विचारायचे, त्यांच्या येण्याजाण्याची सोय पाहायची, आणि त्यांनी नेमलेल्या पाठांवरच बोलावे अशी अपेक्षाही ठेवायची, हे अवघड होते.

तिसरी वाट, सगळे भगिनींनीच करावे. त्यांची स्वतःची तयारी याच दिशेने चालली होती. मावशींनी मात्र स्पष्ट सांगितले, "अगं, तासभर एकच आवाज ऐकला की माणसं ऐकायचीच थांबतात. तू सगळं करू नकोस, तू सगळं होतंय ना ते बघ."

चौथी वाट स्वीकारली गेली. भगिनींनी उपासना चालवावी आणि मार्कच्या पाठावर बारा मिनिटांचे स्वतःचे मनन (छोटा संदेश) द्यावे. मननाचा मसुदा पाळकसाहेबांनी आधी वाचावा. जुन्या कराराचा पाठ आणि शुभवर्तमान (मार्कचा पाठ) दोन वेगळ्या व्यक्तींनी वाचावे. स्तोत्र मंडळीने आळीपाळीने म्हणावे. जाहीर सूचना सेक्रेटरींनी द्याव्यात. शुभवर्तमान वाचण्यासाठी महाविद्यालयात जाणाऱ्या एका मुलाचे नाव पुढे आले. त्याचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाल्याने देवनागरी वाचताना तो अडखळतो, म्हणून सेक्रेटरी साशंक होते. मावशींनी त्याच्याकडून पाठ वाचून घेण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि प्रश्न मिटला. मंडळीतील तरुणांना केवळ गिटार आणि प्रोजेक्टरच्या कामापुरते बोलावण्यापेक्षा शास्त्रपाठासमोर उभे करणे केव्हाही चांगले, असे मला वाटते. त्यासाठी कोणाला तरी त्यांच्याबरोबर बसावे लागते आणि ती तयारी मोठ्यांनी दाखवायला हवी.

पाळकांच्या जागी काय म्हणायचे

हा भाग पाळकसाहेबांनी अर्ध्या तासात सोडवला, परंतु तो आधी सोडवला गेला हे महत्त्वाचे. पापांगीकारानंतर पाळक पापक्षमेची घोषणा करतात. दीक्षा न झालेल्या व्यक्तीने ती तशी करू नये, अशी या मंडळीची रीत आहे. त्या जागी १ योहान १:९ हे वचन वाचावे असे ठरले, कारण त्यात क्षमेचे आश्वासन शास्त्राच्याच मुखातून येते आणि कोणाच्या अधिकाराचा प्रश्न उरत नाही. शेवटचा आशीर्वाद हात वर करून न देता २ करिंथ १३ च्या अखेरचे शब्द "आपणा सर्वांसह असो" असे म्हणून सगळ्यांनी मिळून प्रार्थनेच्या रूपात घ्यावेत, म्हणजे चालवणारी व्यक्तीही मागणाऱ्यांतच उभी राहते. हे दोन्ही बदल भगिनींनी क्रमाच्या कागदावर लाल शाईने लिहून ठेवले.

गीतांची निवड

भगिनींनी आपल्याला आवडणारी पाच गीते आधीच निवडली होती. त्यांतली दोन गीते त्यांनी एका शिबिरात ऐकली होती आणि मंडळीत ती कधीच गायली गेली नव्हती. त्यांचे शब्द विषयाला अगदी अनुरूप होते. तरीही ती वगळण्यात आली. पहिल्यांदा उपासना चालवणारी व्यक्ती आणि पहिल्यांदा गायले जाणारे गीत एकाच दिवशी आले, तर मंडळीला आधार घ्यायला काही उरत नाही. शिवाय गीत लोकांना येत नसेल तर तेवढा वेळ ते उपासना करत नाहीत, फक्त ऐकतात.

'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून पुन्हा निवड झाली. मराठी मंडळ्यांचे एक भाग्य असे की कवी ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी संतकवितेच्या वळणाची ख्रिस्ती गीते लिहिली, त्यामुळे पेटी-तबल्यावर सहज बसणारी आणि पाठ असलेली गीते आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्या शेजारी इंग्रजी चालींवर बेतलेली, ऑर्गनवर गायली जाणारी गीतेही आहेत. ठरले असे की पहिले आणि शेवटचे गीत ऑर्गनच्या चालीचे आणि उभे राहून म्हणायचे असावे, मधली भजनाच्या ढंगाची असावीत. क्रमांक ठरल्यावर पेटीवाल्या बंधूंना फोन केला, तेव्हा त्यांनी दोन प्रश्न विचारले: "कोणती चाल? आणि किती कडवी?" एका गीताच्या या मंडळीत दोन चाली प्रचलित आहेत हे भगिनींना माहीत होते, पण त्यातली एक आपल्याला ठरवावी लागेल हे त्यांच्या लक्षात आले नव्हते.

पट्टीचाही विचार झाला. भगिनींना काळी चारमध्ये गाणे सोयीचे जाते, पण त्या पट्टीत पुरुषांचे आवाज वरच्या ओळीला पोहोचत नाहीत आणि मागच्या बाकांवरचे ज्येष्ठ गप्प होतात. बंधूंनी पट्टी बरीच खाली आणली. त्यामुळे भगिनींना स्वतःला काही ओळी फार खाली गाव्या लागणार होत्या. त्यांनी ते मान्य केले आणि गाताना माइकपासून दूर राहण्याचे ठरवले. मंडळीचा आवाज मोठा असला पाहिजे, चालवणाऱ्याचा नव्हे.

प्रार्थना लिहायच्या की सुचतील तशा करायच्या

सर्वांत जास्त चर्चा या मुद्द्यावर झाली. सेक्रेटरींचे म्हणणे होते की कागदावरून केलेली प्रार्थना मनापासून वाटत नाही. मावशी ज्या घरातून आल्या तेथे प्रार्थनेचे पुस्तक रोज उघडले जाई आणि लिहिलेल्या प्रार्थनेत मन नसते हे त्यांना मुळीच पटत नव्हते. भगिनींना महिला मंडळात मोकळी प्रार्थना करण्याची सवय होती. पण लहान खोलीत वीस जणींपुढे केलेली प्रार्थना आणि भरलेल्या चर्चमध्ये सर्वांच्या वतीने केलेली प्रार्थना यांत फरक आहे. मोकळ्या प्रार्थनेत आपल्याच मनातील विषय पुन्हा पुन्हा येतात, तर सर्वांच्या वतीने मागताना जे आपल्या मनात कधी येत नाही तेही यायला हवे. भगिनींनी मध्यस्थीच्या प्रार्थनेचा पहिला मसुदा लिहिला तेव्हा त्यात आजारी लोकांसाठी जवळजवळ एक पान होते आणि कामगारांसाठी, शेतकऱ्यांसाठी, सत्तेवर असलेल्यांसाठी एकही वाक्य नव्हते. परिचारिकेच्या डोळ्यांपुढे जे रोज असते तेच कागदावर उतरले होते. लिहिले म्हणूनच ते दिसले.

शेवटी मध्यस्थीची प्रार्थना पूर्ण लिहावी, पापांगीकार छापील क्रमातलाच घ्यावा, आणि मननानंतरची छोटी प्रार्थना मोकळी ठेवावी असा निर्णय झाला. लिहिताना एक पथ्य पाळले गेले: प्रत्येक वाक्य एका श्वासात म्हणता येईल इतकेच लांब.

याच प्रार्थनेत आजाऱ्यांची नावे घेण्याचा प्रश्न होता. सेक्रेटरींकडे जी यादी येते तिच्यात नावापुढे आजार आणि इस्पितळही लिहिलेले असते आणि आजवर ते सगळे मोठ्याने वाचले जात असे. भगिनींनी आपल्या व्यवसायातील शिस्त येथे आणली. त्यांनी प्रत्येक घरी फोन करून नाव घेतलेले चालेल का हे विचारले आणि आजाराचा उल्लेख पूर्णपणे वगळला. एका कुटुंबाने नाव घेऊ नये असे सांगितले. तोवर त्यांना हे कोणी विचारलेच नव्हते. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत मोलाचा वाटलेला निर्णय हाच आहे.

मनन

मसुद्याची सुरुवात २६ जुलै २००५ च्या पावसाने होत होती. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि ती रात्र मुंबईतील प्रत्येक घराला आठवते. वादळात सापडलेल्या होडीच्या पाठासाठी हे उदाहरण साहजिक होते. पाळकसाहेबांनी ते काढायला सुचवले. कारण त्यांनी असे दिले की, ती रात्र आठवली की प्रत्येक जण आपापल्या आठवणीत शिरतो, कोणी रुळांवरून चालत गेलेला असतो, कोणाचे घरातले माणूस परत आलेले नसते, आणि मग बारा मिनिटांत त्यांना होडीकडे परत आणता येत नाही. मला हे कारण पटते. जे उदाहरण पाठापेक्षा मोठे होते ते पाठाला झाकते.

त्याऐवजी मनन एका प्रश्नाभोवती बांधले गेले. शिष्य येशूला उठवतात तेव्हा वादळ थांबव असे म्हणत नाहीत. आम्ही बुडतो आहोत याची तुला काळजी नाही का, असे विचारतात. ही तक्रारही प्रार्थनाच आहे का, एवढाच मुद्दा भगिनींनी घेतला आणि ईयोबाच्या पाठाशी तो जोडला. वहीतली उरलेली पाने बाजूला ठेवली गेली.

गुरुवारची तालीम

रात्रपाळीला जाण्यापूर्वी गुरुवारी संध्याकाळी भगिनींनी रिकाम्या चर्चमध्ये संपूर्ण क्रम मोठ्याने म्हणून पाहिला. मावशी शेवटच्या बाकावर बसल्या. दगडी भिंती आणि उंच छत असल्याने शब्द घुमत होते, आणि पंखे व उघड्या खिडक्यांतून येणारा पावसाचा आवाज यांत वाक्यांची शेवटची अक्षरे हरवत होती. मराठीत क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते, त्यामुळे शेवट बुडाला की अर्थच बुडतो. भगिनींनी वेग कमी केला, वाक्याच्या शेवटी आवाज खाली न सोडण्याचा सराव केला आणि कागदावरची अक्षरे मोठी करून घेतली. गीताचा क्रमांक दोनदा सांगायचा, उभे राहायचे की बसायचे हे प्रत्येक वेळी स्पष्ट म्हणायचे, हेही तेव्हाच कागदावर आले.

वेळ मोजली तेव्हा ऐंशी मिनिटे भरली. दानार्पण गीत सुरू असतानाच घ्यायचे आणि एका गीताची दोन कडवी कमी करायची असे ठरवून ती पंचाहत्तरवर आणली.

शनिवारी रात्री

शनिवारी रात्री नऊच्या सुमारास मंडळीतील एक वृद्ध सदस्य वारले. ते निवृत्त गिरणी कामगार होते आणि जवळजवळ प्रत्येक रविवारी हजर असत. दफनविधी रविवारी दुपारी चार वाजता शिवडीच्या दफनभूमीत ठरला. तोवर पाळकसाहेब परत येणार होते. सकाळची उपासना मात्र भगिनींनाच चालवायची होती, आणि तीन आठवड्यांत तयार केलेल्या क्रमात या बातमीला जागा नव्हती.

रात्री फोनवर तीन पर्यायांचा विचार झाला. संपूर्ण उपासना स्मरणाची करावी, असे सेक्रेटरींनी सुचवले. पाळकसाहेबांनी ते नाकारले, कारण दफनविधी दुपारी होताच आणि रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस म्हणून पाळला जातो. एका घराच्या दुःखाने तो व्यापला जाऊ नये आणि त्या घराचे दुःखही घाईत उरकले जाऊ नये. काहीच न बदलता शेवटी सूचनांमध्ये बातमी द्यावी, हा दुसरा पर्याय. पण तोवर अर्ध्या मंडळीला व्हॉट्सॲपवर कळलेले असणार आणि उरलेल्या अर्ध्यांना आपल्या शेजारी कोणी का रडते आहे हे समजणार नव्हते. तिसरा पर्याय निवडला गेला: कुटुंबाला विचारून बातमी सुरुवातीलाच, आवाहनापूर्वी, दोन वाक्यांत द्यावी, पहिले स्तुतिगीत तसेच ठेवावे, दुसऱ्या गीताच्या जागी मंडळीला पाठ असलेले आशेचे गीत घ्यावे, मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी आणि कुटुंबासाठी नवीन परिच्छेद लिहावा. मननाला हात लावायचा नाही असेही ठरले. तक्रार करणाऱ्या शिष्यांचा मुद्दा त्या दिवशी अधिकच लागू होता, आणि रात्री अकरा वाजता मनन बदलायला घेतले असते तर झोप आणि धीर दोन्ही गेले असते.

रविवार

उपासना साडेनऊला सुरू झाली. पेटीवाले बंधू उशिरा पोहोचले, म्हणून पहिल्या गीताचा पहिला सूर मावशींनी धरला आणि मंडळीने तो उचलला. ऑर्गनशिवाय ते गीत थोडे संथ झाले, एवढेच.

पापांगीकारापूर्वी काही क्षण शांतता ठेवायची होती. भगिनींनी ती ठेवली, पण आता आपण शांत राहणार आहोत हे सांगितले नाही. लोकांना वाटले त्या कागद शोधत आहेत. पुढच्या बाकावरून कोणीतरी छापील कबुली म्हणायला सुरुवात केली आणि शांतता अर्धवट तुटली. त्या थांबल्या नाहीत, मंडळीबरोबर म्हणू लागल्या.

शुभवर्तमानाचा पाठ त्या मुलाने सावकाश आणि स्पष्ट वाचला. मध्यस्थीच्या प्रार्थनेत मृत सदस्याचे नाव आल्यावर भगिनींचा आवाज दाटला. कागदावर पुढचे वाक्य लिहिलेले होते, म्हणून त्या एक श्वास घेऊन पुढे जाऊ शकल्या. दानार्पणाची प्रार्थना मात्र त्यांच्याकडून राहून गेली. सेक्रेटरींनी हाताने खूण केल्यावर त्यांनी ती सूचनांनंतर घेतली. पावणेअकराला उपासना संपली आणि बहुतेकांना आपल्या गाड्या मिळाल्या.

परिणाम

पुढच्या आठवड्यात कमिटीत या उपासनेवर बोलणे झाले. बहुतेकांना ती नेहमीची रविवारची उपासना वाटली होती, आणि ही मी मोठी गोष्ट मानतो, कारण लोकांनी चालवणाऱ्या व्यक्तीकडे पाहिले नाही, ते आपल्या प्रार्थनेत राहिले. एका ज्येष्ठ सदस्याने मात्र आक्षेप घेतला की मृत्यूची बातमी सुरुवातीलाच दिल्याने स्तुतिगीतावर सावट आले आणि लोकांना मोकळेपणाने गाता आले नाही. या आक्षेपात तथ्य आहे. तरीही बातमी आधी देणे योग्यच होते असे मला वाटते. ज्या मंडळीचे माणूस आदल्या रात्री गेले आहे तिच्या स्तुतीत जड सूर असेल तर तो खरा सूर आहे, आणि स्तोत्रसंहितेत असे सूर भरपूर आहेत.

आजाऱ्यांची नावे विचारूनच घ्यायची आणि आजार सांगायचा नाही, हा नियम कमिटीने कायमचा केला. दोन कुटुंबांनी त्यानंतर स्वतःहून सेक्रेटरींना फोन करून आभार मानले.

काय वेगळे करता आले असते

तीन आठवड्यांची मुदत कमी नव्हती, पण त्यातला पहिला आठवडा केवळ संदेशावर गेला. पाळकसाहेबांनी पहिल्याच फोनमध्ये संपूर्ण क्रमाचा कागद हाती दिला असता आणि आधी प्रार्थना, मग गीते, शेवटी मनन अशी उलटी तयारी करायला सांगितले असते, तर चौघांच्या बैठकीत निम्मे प्रश्न सुटलेले असते.

पेटीवाल्या बंधूंना बैठकीला बोलावले नाही ही मोठी उणीव. त्यांच्या दोन साध्या प्रश्नांमुळे गीतांचा पुन्हा विचार करावा लागला. ते आधी विचारले गेले असते तर एक फेरी वाचली असती. ते वेळेवर न आल्यास सूर कोणी धरायचा हेही ठरलेले नव्हते. मावशी होत्या म्हणून निभावले, आणि प्रत्येक मंडळीत मावशी असतातच असे नाही.

शांततेची घोषणा करणे, दानार्पणाची प्रार्थना क्रमाच्या कागदावर ठळक लिहिणे, या गोष्टी सहज दुरुस्त होण्यासारख्या आहेत. अधिक अवघड प्रश्न तालमीचा आहे. रिकाम्या चर्चमध्ये तालीम झाली, पण ज्यांनी पाठ वाचायचे आणि सूचना द्यायच्या ते तेथे नव्हते, त्यामुळे कोण कोठून उठणार, माइक कोणाच्या हाती जाणार, या हालचाली रविवारी पहिल्यांदाच झाल्या आणि प्रत्येक वेळी थोडा खंड पडला.

भगिनींना ऑक्टोबरमधील एका रविवारी पुन्हा उपासना चालवण्यास सांगितले गेले आहे. त्यांनी होकार देताना दोन मागण्या केल्या: नेमलेले पाठ सहा आठवडे आधी मिळावेत आणि शनिवारी सर्व सहभागींची एकत्र तालीम व्हावी. पहिली मागणी कमिटीने मान्य केली. दुसरी अजून बाकी आहे, कारण पेटीवाल्या बंधूंची शनिवारी कामाची पाळी असते. शुक्रवारी रात्री तालीम घेता येईल का, यावर सेक्रेटरी त्यांच्याशी बोलत आहेत.